जुन्या कन्सोलच्या साउंड चिपचा आवाज इम्युलेटरमध्ये कितपत खरा उतरला, हे कसं तपासायचं

इम्युलेटरचा, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा, आवाज खऱ्या कन्सोलपेक्षा वेगळा वाटला की बहुतेकांचा हात आधी इक्वलायझरकडे जातो. बास थोडा वाढवायचा, ट्रेबल थोडा उतरवायचा, कानाला बरं वाटलं की थांबायचं. एका गाण्यापुरतं हे जमतं. पुढच्या खेळात तोच इक्वलायझर सगळं बिघडवतो, कारण मूळ चूक वारंवारतेच्या पातळीवर नव्हतीच. ती घड्याळात होती, किंवा एखाद्या रजिस्टरच्या (चिपमध्ये आकडा ठेवायच्या जागेच्या) वागणुकीत, किंवा दोन चॅनेल एकत्र करण्याच्या पद्धतीत.

कन्सोलचा आवाज थरांनी बनतो. खाली क्लॉक (चिपचं घड्याळ), त्यावर चिपमधलं डिजिटल लॉजिक, मग चॅनेलचं मिश्रण, आणि शेवटी बोर्डावरचं ॲनालॉग सर्किट. इम्युलेटरमध्ये आणखी एक थर मध्ये घुसतो, तो रिसॅम्पलिंगचा, म्हणजे सॅम्पलचा दर बदलण्याचा. तपासणी खालून वर करायची आणि चूक ज्या थरात आहे तिथेच दुरुस्त करायची. हा क्रम मोडला की एका थरातली चूक दुसऱ्या थरातल्या चुकीने झाकली जाते, आणि नंतर दोन्ही सापडत नाहीत. खालचे टप्पे स्वतः इम्युलेटर लिहिणाऱ्यांना उपयोगी आहेत, आणि तयार इम्युलेटर किंवा एफपीजीए कन्सोल (मूळ सर्किट प्रोग्रामेबल चिपवर पुन्हा उभं करणारा) पारखून घेणाऱ्यांनाही.

## टप्पा १: नेमकं काय जुळवायचं ते ठरवा

‘एनईएससारखा आवाज’ (निन्टेन्डोचा हा कन्सोल, जपानमध्ये फॅमिकॉम) हे लक्ष्य असू शकत नाही. कोणता एनईएस? अमेरिकन आणि जपानी यंत्रांत रिको २ए०३ चिप १.७८९७७३ मेगाहर्ट्झवर चालते, तर युरोपातल्या पाल (तिथल्या टीव्ही पद्धतीच्या) यंत्रांतली २ए०७ चिप १.६६२६०७ मेगाहर्ट्झवर. रजिस्टरमध्ये तोच आकडा लिहिला तरी पाल यंत्रावर स्वर सुमारे १२८ सेंटनी (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग), म्हणजे एका सेमीटोनपेक्षा जास्त, खाली येतो.

सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये वायएम२६१२ चिप आहे की तिची नंतरची सीमॉस आवृत्ती वायएम३४३८, यावर मंद आवाजांचा खरखरीतपणा ठरतो. सेगाच्याच मास्टर सिस्टीममधलं एसएन७६४८९ कुळातलं सर्किट टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या मूळ चिपसारखं दिसतं, पण त्याच्या नॉइजचं शिफ्ट रजिस्टर (बिट सरकवत खरखर तयार करणारं) १६ बिटांचं आहे, मूळ चिपचं १५ बिटांचं. पहिला गेम बॉय आणि गेम बॉय कलर यांच्यातही फरक आहेत.

म्हणून सुरुवातीलाच एका कागदावर लिहा: कन्सोलचं मॉडेल, बोर्डावर छापलेला क्रमांक, चिपवर छापलेलं नाव, प्रदेश, आवाज कोणत्या जॅकमधून घेतला, आणि कपॅसिटर मूळ आहेत की बदललेले. मूळ इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाबरोबर क्षमता गमावतात आणि बास पातळ होतो. अशा यंत्राशी इम्युलेटर जुळवला तर तुम्ही झिजलेला भाग जुळवत असता.

इशारा: व्हिडिओ साइटवरचं रेकॉर्डिंग संदर्भ म्हणून वापरू नका. त्यावर कॉम्प्रेशन झालेलं असतं, आवाजाची पातळी बदललेली असू शकते, आणि ते खऱ्या यंत्रावरून घेतलं होतं की दुसऱ्या इम्युलेटरवरून हे बाहेरून कळत नाही.

## टप्पा २: खऱ्या कन्सोलचं रेकॉर्डिंग

ऑडिओ इंटरफेसची लाइन इनपुट वापरा, माइक इनपुट नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. आवाज आपोआप वरखाली करणारी किंवा ‘सुधारणारी’ प्रत्येक सोय संगणकावर बंद असायला हवी. सर्वांत मोठ्या क्षणी पातळी कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील अशी ठेवा. एकदा ठेवली की संपूर्ण मोजणी होईपर्यंत नॉबला हात लावू नका.

आवाज कुठून घ्यायचा हे कन्सोलनुसार बदलतं. पहिल्या मेगा ड्राइव्हच्या मागच्या डिन सॉकेटमधून मोनो मिळतो. स्टिरिओ हवा तर पुढचा हेडफोन जॅक, आणि तिथे व्हॉल्यूमची पट्टी एका जागी कायम. मूळ फॅमिकॉममधून फक्त आरएफ (टीव्हीच्या अँटेनाला जोडायचा सिग्नल) बाहेर पडतो, त्यामुळे मॉड्युलेटर आणि टीव्हीचा रिसीव्हर दोघांचा रंग रेकॉर्डिंगमध्ये मिसळतो. त्यावरून फिल्टरचे आकडे काढू नका.

मोजणीपूर्वी इंटरफेसचंही मोजमाप घ्या. त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा स्वीप वाजवा. बहुतेक इंटरफेसच्या इनपुटला डीसी अडवणारा कपॅसिटर असतो, म्हणजे खालच्या टोकाला इंटरफेसचा स्वतःचा हाय-पास फिल्टर (खालच्या वारंवारता दाबणारा) असतोच. हा उतार माहीत नसेल तर सातव्या टप्प्यात तो कन्सोलच्या खात्यावर जमा होईल.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात: कन्सोल चालू करून थोडा वेळ तापू द्या. सुपर एनईएसच्या ध्वनिभागाला क्वार्ट्झ क्रिस्टल नाही, सिरॅमिक रेझोनेटर घड्याळ पुरवतो, आणि त्याची गती तापमानाबरोबर सरकते.

तपासा: खेळ थांबवून, सगळी चॅनेल बंद असताना दहा सेकंद रेकॉर्ड करा. ही त्या यंत्राची पार्श्वभूमी खरखर. तिची पातळी लिहून ठेवा, नवव्या टप्प्यात ती लागेल. ५० किंवा ६० हर्ट्झची गुणगुण ठळक दिसत असेल तर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या जोडणीतला दोष) आहे. तो सुटेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: इम्युलेटरचं रेकॉर्डिंग

हे साउंड कार्डातून घेऊ नका. इम्युलेटरची स्वतःची वेव्ह फाइल लिहिण्याची सोय वापरा. त्याआधी सेटिंग्जमधून हे शोधून बंद करा:

- आवाज आणि चित्र जुळवण्यासाठी सॅम्पलची गती सतत बदलणारी सोय. रेट्रोआर्च या इम्युलेटर प्रोग्राममध्ये तिची नेहमीची मर्यादा अर्ध्या टक्क्याची असते. तेवढ्याने स्वर जवळपास ९ सेंट हलू शकतो.
- रिव्हर्ब, स्टिरिओ रुंदावणं, इक्वलायझर, व्हॉल्यूम सारखा करणं.
- ‘सुधारित’ इंटरपोलेशन (सॅम्पलच्या मधल्या किमती काढण्याची पद्धत).
- खटखट कमी करणारे पर्याय. ही खटखट पुष्कळदा मूळ यंत्राचीच असते.
- प्रोसेसर जास्त वेगाने चालवणारे पर्याय.

वाजवायचं काय, हाही प्रश्न आहे. एनएसएफ, व्हीजीएम, एसपीसी अशा, खेळांचं संगीत साठवणाऱ्या फाइली सोयीच्या आहेत, पण प्रत्येकीची मर्यादा वेगळी. व्हीजीएममध्ये रजिस्टरच्या नोंदींचा वेळ सेकंदाच्या ४४,१०० व्या भागात मोजलेला असतो. त्यापेक्षा बारीक वेळ हरवतो. एनएसएफ वाजवताना खेळाचा बाकीचा प्रोग्राम चालत नाही, त्यामुळे प्रोसेसरच्या गर्दीचा आवाजावर होणारा परिणाम दिसत नाही. म्हणून बारीक तपासणीसाठी टेस्ट रॉम (चिपची वागणूक तपासणारे छोटे प्रोग्राम) हवेत. एनईएस आणि गेम बॉयसाठी ब्लार्ग या टोपणनावाच्या प्रोग्रामरने लिहिलेले टेस्ट रॉम सर्वत्र वापरले जातात, आणि ते फ्लॅश कार्ट्रिजवरून (ज्यात हवा तो रॉम भरता येतो) खऱ्या यंत्रावरही चालतात. दोन्ही बाजूंना एकच रॉम चालवायचा, हा नियम.

इशारा: फॅमिकॉममध्ये आवाज कार्ट्रिजमधून फिरून परत येतो, जेणेकरून कार्ट्रिजवरची जादा ध्वनिचिप त्यात मिसळता यावी. तिथे फ्लॅश कार्ट्रिज वापरलं तर मिश्रणाचं प्रमाण त्या कार्ट्रिजच्या निर्मात्याने ठरवलेलं असतं. मूळ कार्ट्रिजचं म्हणून ते धरू नका.

## टप्पा ४: क्लॉक आणि स्वर

इथे काम पटकन होतं, आणि म्हणूनच लोक ते गाळतात. एक स्थिर पल्स (चौकोनी लहरीचा) स्वर वाजवा आणि त्याची वारंवारता मोजा. एनईएसवर ती अशी निघते: क्लॉकला १६ ने भागायचं, मग रजिस्टरमधल्या आकड्यात एक मिळवून त्याने भागायचं. रजिस्टरमध्ये २५३ असेल तर अमेरिकन यंत्रावर ४४०.४ हर्ट्झ, पाल यंत्रावर ४०९.१ हर्ट्झ. इम्युलेटरमध्ये ४३९.७ च्या आसपास दिसलं तर तो चित्राला ६० फ्रेमवर बांधून आवाज ओढतोय असं समजा. एनईएसची खरी गती सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम आहे.

मेगा ड्राइव्हमध्ये एफएम चिपचं (वायएम२६१२ चं) घड्याळ एनटीएससी (अमेरिकन-जपानी टीव्ही पद्धतीच्या) यंत्रात ७.६७ मेगाहर्ट्झ आणि पालमध्ये ७.६० मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे १६ सेंटचा फरक. सुपर एनईएसमध्ये मात्र एक ‘बरोबर’ आकडा नाहीच. कागदावर सॅम्पल दर ३२,००० हर्ट्झ. खरी यंत्रं बहुधा त्याच्या किंचित वर चालतात, आणि बीएसएनईएस या इम्युलेटरने त्यासाठी ३२,०४० धरला. हा फरक दोन सेंटच्या जवळपास. तुमचं यंत्र काय दाखवतं ते मोजा आणि तुलनेपुरता तोच आकडा इम्युलेटरला द्या.

तपासा: एकाच रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचा आणि तीन मिनिटांनंतरचा एकेक ठरलेला क्षण निवडा, आणि दोन्हीकडे मधलं अंतर मोजा. ऑडिओ इंटरफेसच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत ५० भागांची चूक असली तरी तीन मिनिटांत ९ मिलिसेकंदांची घसरण होते. स्वराच्या दृष्टीने ही नगण्य, पण पुढे एका रेकॉर्डिंगमधून दुसरं वजा करताना ती सगळं उधळते.

## टप्पा ५: डिजिटल लॉजिक

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. या थरात ‘जवळपास बरोबर’ ही भाषाच चालत नाही. चिपमधून बाहेर पडणारा आकडा जुळतो किंवा जुळत नाही. एकावेळी एकच चॅनेल चालू ठेवा.

एनईएस. पल्स चॅनेलमध्ये मोजणीच्या (स्वराची वारंवारता ठरवणाऱ्या आकड्याच्या) वरच्या भागाचं रजिस्टर लिहिलं की लहर पुन्हा सुरुवातीपासून चालू होते. स्वराला कंपन (व्हायब्रेटो) देताना आकडा २५६ ची सीमा ओलांडत असेल तर खऱ्या यंत्रावर प्रत्येक वेळी बारीक खट ऐकू येते. इम्युलेटरमध्ये ती नसेल तर इम्युलेटर चुकीचा आहे. दोन पल्स चॅनेलचे स्वीप (स्वर आपोआप सरकवणारी सोय) वरवर सारखे दिसतात, पण वजाबाकी करताना पहिलं चॅनेल एक जादा वजा करतं. दोन्हींना एकच कोड लावणं ही नेहमीची चूक. मोजणी ८ पेक्षा खाली गेली की पल्स गप्प होतो. स्वीपने काढलेला पुढचा आकडा २०४७ च्या वर जात असेल तरी तो गप्प होतो, स्वीप बंद असला तरीही.

ट्रँगल (त्रिकोणी लहरीच्या) चॅनेलला व्हॉल्यूम नाही. ते थांबतं तेव्हा शून्यावर येत नाही. ३२ पायऱ्यांपैकी ज्या पायरीवर होतं तिथेच गोठतं. इम्युलेटरने त्याला शून्यावर ओढलं तर प्रत्येक स्वराच्या शेवटी मूळ यंत्रात नसलेली खट येते. काही खेळ ट्रँगल बंद करण्याऐवजी त्याची वारंवारता ऐकू येण्याच्या पलीकडे नेऊन त्याला गप्प करतात. तिथेही पातळी मधोमध राहते आणि आत जाताना, बाहेर येताना झटका बसतो.

नॉइजचं शिफ्ट रजिस्टर १५ बिटांचं. साध्या पद्धतीत त्याचा क्रम ३२,७६७ पायऱ्यांचा, छोट्या पद्धतीत ९३ किंवा ३१ पायऱ्यांचा, आणि या दोनपैकी कोणता मिळेल हे पद्धत बदलली त्या क्षणी रजिस्टरमध्ये काय होतं त्यावर ठरतं. यासाठी संगणकाचा साधा यादृच्छिक आकडा वापरला तर धातूसारखा वाजणारा तो आवाज कधीच येणार नाही.

सॅम्पल वाजवणारं डेल्टा चॅनेल ७ बिटांचं. प्रत्येक बिटागणिक पातळी दोनने वर किंवा खाली, आणि ० ते १२७ ही सीमा मोडणार असेल तर ती पायरी सरळ सोडून दिली जाते. हे चॅनेल मेमरीतून बाइट वाचताना प्रोसेसरला काही सायकल थांबवतं. म्हणजे आवाजाची अचूकता इथे प्रोसेसरच्या अचूकतेत गुंतलेली आहे, फक्त ध्वनिचिपचा कोड तपासून भागत नाही.

गेम बॉय. एन्व्हलप (आवाजाचा चढउतार) ६४ हर्ट्झ, स्वीप १२८ हर्ट्झ आणि लांबीची मोजणी २५६ हर्ट्झवर चालते, आणि या तिन्हींना गती देणारा ५१२ हर्ट्झचा ठोका टायमरच्या डिव्ह रजिस्टरमधून येतो. खेळाने त्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं तर ते शून्य होतं आणि ठोका सरकतो. ठोक्यासाठी वेगळा काउंटर ठेवणारे इम्युलेटर इथे पकडले जातात. पहिल्या गेम बॉयमध्ये वेव्ह चॅनेल चालू असताना पुन्हा ट्रिगर केलं तर वेव्ह मेमरीतले काही बाइट बिघडू शकतात. कलरमध्ये तसं होत नाही. पहिल्या टप्प्यात मॉडेल लिहून ठेवायला सांगितलं ते अशा ठिकाणांसाठी.

सुपर एनईएस. इथे आवाज सॅम्पलमधून येतो: ९ बाइटांच्या तुकड्यातून १६ सॅम्पल उलगडतात आणि चार बिंदूंच्या गॉसियन इंटरपोलेशनने मधल्या किमती काढल्या जातात. हे इंटरपोलेशन वरच्या वारंवारता दाबतं आणि या कन्सोलचा मऊ आवाज त्यातून येतो. क्यूबिक किंवा सिंक अशी दुसरी पद्धत निवडली तर आवाज जास्त स्वच्छ येईल आणि जास्त चुकीचाही. संगीतकारांनी सॅम्पल तयार करताना हा दाब गृहीत धरलेला होता. दुसरी तपासणी एकोची: आठ टप्प्यांचा एफआयआर फिल्टर, १६ मिलिसेकंदांच्या पायरीने २४० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब, आणि प्रत्येक पायरीला ध्वनिभागाच्या ६४ किलोबाइट मेमरीतले २ किलोबाइट. एको ही मेमरी खरोखर लिहितो. जागा चुकीची नेमली असेल तर तो सॅम्पल आणि प्रोग्राम पुसून टाकतो, आणि इम्युलेटरमध्येही ते पुसलं गेलंच पाहिजे.

मेगा ड्राइव्ह. वायएम२६१२ ची सहा चॅनेल एकाच ९ बिटांच्या डीएसीमधून (आकड्याचं विजेच्या पातळीत रूपांतर करणाऱ्या भागातून) पाळीपाळीने बाहेर पडतात. या डीएसीमध्ये शून्याजवळ पायरी सम नाही, त्यामुळे मंद होत जाणारा स्वर शेवटी फाटका वाजतो. हे पाहायला एक साधा साइनसारखा स्वर हळूहळू विझवा आणि शेवटच्या भागाची लहर मोठी करून बघा. वायएम३४३८ असलेल्या यंत्रात ही पायरी फारशी दिसत नाही. लॉजिकसाठी न्यूक्ड-ओपीएन२ हा कोड चांगला संदर्भ आहे, कारण तो वायएम३४३८ च्या सिलिकॉनच्या छायाचित्रांवरून उभा केलेला आहे.

तपासा: प्रत्येक टेस्ट रॉम दोनदा चालवा, एकदा पॉवर बंद करून चालू केल्यावर आणि एकदा फक्त रीसेट दाबल्यावर. सुरुवातीच्या अवस्थेतल्या चुका यातच सापडतात.

एफपीजीए कन्सोलबद्दल इथेच सांगायला हवं. हार्डवेअर आहे म्हणून तो आपोआप अचूक होत नाही. त्यातलं लॉजिक माणसांनीच लिहिलेलं असतं, पुष्कळदा सॉफ्टवेअर इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी वापरलेल्याच माहितीवरून. त्यालाही हेच रॉम लावा.

## टप्पा ६: मिश्रण

आता दोन-दोन चॅनेल एकत्र लावा. एनईएसमध्ये बेरीज सरळ होत नाही, आणि नवख्या इम्युलेटरमधली सर्वांत ऐकू येणारी चूक हीच असते. दोन्ही पल्स कमाल पातळीवर असताना प्रचलित सूत्रानुसार एकत्रित पातळी ०.२५८ येते; एकट्या पल्सची ०.१४९. सरळ बेरीज केली असती तर ०.२९९ आली असती. म्हणजे १.३ डेसिबलच्या आसपास फरक.

ट्रँगल, नॉइज आणि डेल्टा यांचा गट वेगळा, आणि तिथे परिणाम फारच मोठा आहे. डेल्टाची पातळी ० असताना ट्रँगलचा झोका ०.२४६, डेल्टा १२७ वर नेऊन ठेवला की तोच झोका ०.१०७. जवळपास ७ डेसिबलनी बास खाली! डेल्टाने कोणताही आवाज काढलेला नसताना, फक्त त्याची पातळी वर राहिली म्हणून. ढोलाचं सॅम्पल वाजून गेल्यावर बास दबलेला ऐकू येतो तो यामुळे. इक्वलायझर लावून हे कधीच साधणार नाही, कारण बदल वारंवारतेवर अवलंबून नाही, शेजारच्या चॅनेलच्या स्थितीवर आहे.

गेम बॉयमध्ये चॅनेलचा डीएसी चालू-बंद झाला की डीसी पातळी उडी मारते आणि खट येते. मेगा ड्राइव्हमध्ये एफएम आणि पीएसजी (एसएन७६४८९ कुळातली चिप) यांचं परस्पर प्रमाण मॉडेलनुसार बदलतं. ते तुमच्या यंत्रावर मोजून घ्या, कुणाच्या यादीतून उचलू नका.

तपासा: एनईएसवर डेल्टाची पातळी ०, ६४, १२७ अशी बदलत ट्रँगलचा एकच स्वर रेकॉर्ड करा. तिन्ही पातळ्यांचं एकमेकांशी प्रमाण दोन्ही बाजूंना सारखं आलं पाहिजे.

## टप्पा ७: आधी रिसॅम्पलिंग, मग फिल्टर

हे दोन थर लोक नेहमी उलट क्रमाने हाताळतात. आवाजाच्या वरच्या टोकाला कर्कशपणा आहे असं वाटतं, मग लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता दाबणारा) खाली ओढला जातो. कर्कशपणा थोडा दबतो, खरा ट्रेबलही त्याबरोबर जातो, आणि मूळ दोष तसाच राहतो. तो दोष पुष्कळदा एलियसिंगचा असतो.

एनईएसची चिप सेकंदाला सुमारे १७.९ लाख वेळा पातळी बदलू शकते. आपल्याला ४८,००० सॅम्पल हवी असतात. मधूनमधून किमती उचलल्या तर २४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं खाली दुमडून येतं, हेच एलियसिंग. मोजणी ८ ठेवली तर पल्स १२,४२९ हर्ट्झवर वाजतो. त्याची तिसरी संवादी वारंवारता (मूळ वारंवारतेच्या तिप्पट) ३७,२८७ हर्ट्झ. ती दुमडून १०,७१३ हर्ट्झवर उतरते, मूळ स्वराशी कसलंही नातं नसलेल्या जागी. उपाय फिल्टरचा नाही. पातळी ज्या क्षणी बदलते तिथे बँड मर्यादित केलेली पायरी मांडायची, किंवा पूर्ण वेगाने लहर तयार करून नीट गाळून खाली आणायची. ब्लिप-बफ ही छोटी लायब्ररी पहिल्या पद्धतीने काम करते.

तपासा: स्वर हळूहळू चढवत न्या आणि स्पेक्ट्रोग्राम बघा. स्वर वर जाताना काही रेषा खाली येताना दिसल्या तर ते एलियसिंग आहे. खऱ्या एनईएसच्या रेकॉर्डिंगमध्ये अशा रेषा दिसल्या तर दोष तुमच्या इंटरफेसमध्ये शोधा.

हे स्वच्छ झालं की फिल्टर. एनईएससाठी प्रचलित आकडे असे: ९० आणि ४४० हर्ट्झचे दोन हाय-पास, १४ किलोहर्ट्झचा एक लो-पास, तिन्ही पहिल्या दर्जाचे. फॅमिकॉममध्ये कन्सोलचा स्वतःचा हाय-पास ३७ हर्ट्झचा. यातून काय होतं ते ११० हर्ट्झच्या बासवर बघा: ४४० चा एकटा फिल्टर त्याला १२ डेसिबलनी दाबतो, ३७ चा फिल्टर अर्ध्या डेसिबलनेही नाही. एकच संगीत, पण बासचं वजन दोन यंत्रांत इतकं वेगळं. या आकड्यांपासून सुरुवात करा, आणि शेवटचा शब्द तुमच्या मोजणीचा ठेवा.

मोजायची पद्धत सोपी आहे. ५० टक्के पल्समध्ये विषम संवादी वारंवारता ठरलेल्या प्रमाणात असतात: तिसरी एक तृतीयांश, पाचवी एक पंचमांश. रेकॉर्डिंगमध्ये त्या किती उरल्या, त्यातून इंटरफेसचा उतार वजा केला, की फिल्टरचा आलेख मिळतो. वेगवेगळ्या उंचीचे सात-आठ स्वर घ्या. खालचं टोक लहरीच्या आकारातही दिसतं: चौकोनी लहरीचा सपाट माथा जितका झुकलेला, तितका हाय-पास वर.

## टप्पा ८: जुळवणी

वजाबाकीच्या आधी दोन रेकॉर्डिंग एकमेकांवर अचूक बसली पाहिजेत. यात चार गोष्टी येतात: लांबी, वेळ, पातळी आणि ध्रुवता (लहर वर-खाली उलटी तर नाही ना). लांबीसाठी चौथ्या टप्प्यातली घसरण भरून काढा. वेळ सॅम्पलच्या अंशापर्यंत जुळवा; ४८ किलोहर्ट्झला अर्ध्या सॅम्पलची चूक राहिली तर १० किलोहर्ट्झच्या भागाची वजाबाकी जेमतेम ४ डेसिबलची होते. पातळीत १ डेसिबलची चूक राहिली तर बाकी सगळं अचूक असूनही उरलेला आवाज मूळ पातळीच्या सुमारे १९ डेसिबल खालीच अडकतो. ध्रुवता उलटी असेल तर वजाबाकीऐवजी बेरीज होते. रेकॉर्डिंग उलटवून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

## टप्पा ९: वजाबाकी

पूर्ण गाणं वजा करू नका. खऱ्या यंत्रात चॅनेलच्या लहरी एकमेकींच्या सापेक्ष कोणत्या क्षणी सुरू होतात हे दर वेळी थोडं बदलतं, आणि नॉइजचं शिफ्ट रजिस्टरही वेगळ्या जागी असतं. एकाच कन्सोलची दोन रेकॉर्डिंगही एकमेकांतून पूर्ण वजा होत नाहीत. ती दोन आधी वजा करून बघा. तिथे जो आवाज उरतो त्यापेक्षा चांगला निकाल इम्युलेटरकडून मागता येत नाही.

एका चॅनेलचा, एक-दोन सेकंदांचा स्थिर तुकडा घ्या. उरलेला आवाज दुसऱ्या टप्प्यात मोजलेल्या पार्श्वभूमी खरखरीपर्यंत उतरला की त्या चॅनेलचं काम झालं. उतरला नाही, तर तो कसा दिसतो ते बघा. फक्त पायरीच्या कडांवर टोकं उरली असतील तर वेळ किंवा लो-पास चुकला. सपाट भाग झुकलेला उरला तर हाय-पास. ठरावीक अंतराने धडधड उरली तर एन्व्हलप किंवा फ्रेमचा ठोका सरकलेला. उरलेल्या आवाजात गाण्याशी नातं नसलेले स्वर ऐकू आले तर एलियसिंग.

इशारा: उरलेला आवाज कमी करण्यासाठी या टप्प्यावर इम्युलेटरचे आकडे चाचपडत बदलू नका. कोणत्या थराची चूक आहे ते ओळखा आणि त्या टप्प्याला परत जा.

## टप्पा १०: नाव झाकून ऐकणं

मोजमाप झाल्यावरच कानाकडे वळा. दोन्ही रेकॉर्डिंगच्या पातळ्या ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. एबीएक्स पद्धतीने, कोणतं कोणतं हे न कळता, १६ वेळा ओळखायचा प्रयत्न करा. १२ किंवा जास्त वेळा बरोबर आलं तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत येते. ९ किंवा १० आले तर फरक ऐकू येतो असा दावा करू नका.

इथे यंत्रायंत्रांतला फरकही लक्षात घ्या. त्याच मॉडेलचं दुसरं यंत्र मिळालं तर त्याचंही रेकॉर्डिंग घ्या आणि तीच चाचणी दोन खऱ्या यंत्रांमध्ये लावा. दोन खरी यंत्रं तुम्हाला वेगळी ओळखता येत असतील आणि इम्युलेटर त्यांच्या मधोमध बसत असेल, तर फिल्टर आणखी बारीक करण्यात वेळ घालवू नका. इम्युलेटर तरीही वेगळा ओळखता येत असेल, तर नेमक्या कोणत्या सेकंदाला ओळखता येतो ते लिहा, त्या क्षणी कोणती चॅनेल चालू होती ते बघा, आणि त्या चॅनेलपुरती तपासणी पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.